भाऊजी, मोबाइलमध्ये बसून कोणी ऐकू शकतं का?

सुरू करण्याआधी एक मिनिट. तुमचा फोन घरातलं कोणी रोज तपासत असेल, तर हा एपिसोड त्या फोनवर ऐकू नका आणि हा मजकूरही त्यावर वाचू नका. मैत्रिणीचा किंवा ऑफिसमधला फोन घ्या. इनकॉग्निटोवर फार भरवसा ठेवू नका. फोनमध्ये पाळतीचं ॲप असेल तर त्याला स्क्रीन दिसते, इनकॉग्निटो असो वा नसो. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. बीटेक झालो, मुंबईत नोकरी करतो, घर आशागडला. डहाणू रोडला उतरायचं आणि शेअर रिक्षाने घरी. गावात मी 'कम्प्युटरवाला'. कोणाचा पासवर्ड विसरला, कोणाचं आधार लिंक होत नाही, कोणाला रेल्वेचं तिकीट काढायचंय, की फोन माझ्याकडे. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

२०२१ चा उन्हाळा. वर्क फ्रॉम होम चालू होतं, मी गावीच होतो, गच्चीवर रेंज बरी येते म्हणून तिथे लॅपटॉप घेऊन बसायचो. आमचा एक दादा, नात्यातला, वहिनीसाठी नवीन स्मार्टफोन घेऊन आला. हप्त्यावर घेतलेला. म्हणाला, "जरा सेट करून दे. ती उंबरगावला कंपनीत जाते, बाईमाणूस आहे, उशीर झाला तर कुठे आहे ते कळलं पाहिजे." मला यात काही वावगं वाटलं नाही. वहिनी डहाणूहून गाडी पकडायची, घोलवड, बोर्डी रोड, मग उंबरगाव. संध्याकाळची गाडी चुकली तर घरी यायला रात्र होते, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत.

मी काय केलं ते नीट सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. सिम दादाच्या नावावरचं टाकलं. वहिनीचं गुगल खातं काढलं, त्याला रिकव्हरी नंबर दादाचा दिला, पासवर्ड दादाने सांगितला तो ठेवला. गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग चालू केलं, 'बंद करेपर्यंत' हा पर्याय निवडून. आणि दादा म्हणाला, "व्हॉट्सॲप पण माझ्या जुन्या फोनवर दिसू दे, तिच्या शाळेच्या ग्रुपवर पोराचे मेसेज येतात." तेव्हा दादाच्या जुन्या फोनच्या ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडून वहिनीच्या फोनने कोड स्कॅन केला. सगळं मिळून दहा मिनिटं. वहिनी तेव्हा आत चहा करत होती. चहा तिनेच आणून दिला. तिला मी काही विचारलं नाही. सांगितलंही नाही.

गुप्तहेरीचं ॲप नाही, हॅकिंग नाही. प्रत्येक गोष्ट कंपनीने चांगल्या कामासाठी दिलेली सोय.

पुढच्या दीड वर्षात काय झालं ते मला बरंच नंतर कळलं. आमच्या पट्ट्यात गाडी चिकूच्या वाड्यांमधून जाते तेव्हा रेंज येते-जाते. रेंज गेली की नकाशावरचा ठिपका जिथे असेल तिथेच थांबतो. खाली बारीक अक्षरात 'बारा मिनिटांपूर्वी' असं येतं, पण ते कोण वाचतंय? दादा फक्त ठिपका बघायचा. "घोलवडला कशाला उतरलीस? कोणाबरोबर होतीस?" वहिनी सांगायची, उतरलेच नाही. त्याच्यासाठी ते खोटं, कारण मोबाइलमध्ये दिसतंय ना. कधी जीपीएस न मिळता टॉवरवरून जागा काढली की ठिपका किलोमीटरभर इकडेतिकडे पडतो. आम्ही इंजिनीअर लोक याला 'ॲक्युरसी' म्हणतो आणि पुढे जातो. त्या घरात त्या किलोमीटरवरून रात्र रात्र भांडण चालायचं.

मग वहिनी बहिणीला व्हॉट्सॲपवर काही लिहायची आणि दोन दिवसांनी दादा तेच शब्द बोलून दाखवायचा. वहिनीला वाटलं, कोणीतरी चुगली करतंय. कंपनीत तिची एक जवळची मैत्रीण होती, रोज एकाच डब्यात बसायच्या, भाकरी वाटून खायच्या. वहिनीने तिच्यावर संशय घेतला आणि बोलणं सोडलं. म्हणजे मी केलेल्या सेटिंगने तिचा एकुलता एक आधार तोडला आणि दोष त्या बिचाऱ्या मैत्रिणीवर गेला.

२०२२ च्या गणपतीत मी घरी होतो. वहिनी प्रसादाचं ताट घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, मोबाइलमध्ये बसून कोणी ऐकू शकतं का?" मी हसलो. मग फोन हातात घेतला, व्हॉट्सॲपच्या तीन टिंबांत 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडलं, आणि तिथे मीच जोडलेला फोन दिसला. मला स्वतःला आठवणसुद्धा नव्हती.

आणि मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. तिथल्या तिथे लॉग आउट केलं. लोकेशन बंद केलं. पासवर्ड बदलून दिला. वाटलं, झालं काम, प्रायश्चित्त झालं.

दादाच्या फोनवर व्हॉट्सॲप बाहेर पडलं. नकाशावरून ठिपका गेला. म्हणजे त्याला लगेच कळलं की कोणीतरी तिला सांगितलंय. त्या रात्री काय झालं ते मी इथे सांगणार नाही, तिने ते वगळायला सांगितलंय. फोन फुटला, मनगट मोडलं, आणि वहिनी मुलाला घेऊन शेजारी गेली, एवढंच.

म्हणून आजच्या एपिसोडमधलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पाळत सापडली की ती लगेच काढू नका. काढणं हीच समोरच्याला सूचना असते. या विषयात काम करणाऱ्या बायका हे वर्षानुवर्षं सांगत आल्यात की बाई हातातून सुटतेय असं ज्याला वाटतं, तो त्याच वेळी सगळ्यात धोकादायक असतो. मला हे माहीत नव्हतं. बीटेकमध्ये डेटाबेस शिकवला, नेटवर्क सिक्युरिटी शिकवली. तिथे हल्लेखोर नेहमी बाहेरचा, कुठल्यातरी देशातला हूडीवाला असतो. घरातच राहणारा, ज्याला तुमच्या पोराची जन्मतारीख माहीत आहे, झोपेत तुमचं बोट फोनला लावू शकतो, असा हल्लेखोर एकाही पुस्तकात नव्हता.

मग ओळखायचं कसं? लोक मला विचारतात, "बॅटरी लवकर उतरते, फोन गरम होतो, म्हणजे स्पायवेअर आहे का?" असूही शकतं, पण आमच्याकडचे अर्धे फोन असेच गरम होतात. फोनपेक्षा माणसाकडे बघा. त्याला जे कळायला नको ते कळतंय का? तुम्ही फक्त लिहिलेलं, कोणाला न बोललेलं, तो बोलून दाखवतो का? तुम्ही न सांगता तो वाटेत उभा असतो का? फोन उचलायला उशीर झाला की व्हिडिओ कॉल करून "आजूबाजूचं दाखव" म्हणतो का? पासवर्ड देणं म्हणजे प्रेम असं म्हणतो, आणि स्वतःचा देत नाही, असं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन वाजला की तुमच्या पोटात गोळा येतो का? काळजी असेल तर विचारून केली जाते आणि नको म्हटल्यावर थांबते. वहिनीने लोकेशन स्वतःहून दिलं असतं आणि हवं तेव्हा बंद करता आलं असतं, तर मी आज हे बोलत नसतो.

हे फक्त नवऱ्याचंच नाही. बहिणीचा फोन रोज रात्री तपासणारे भाऊ माझ्या ओळखीत आहेत. कॉलेजातल्या मुलीच्या इन्स्टावर खोट्या नावाने नजर ठेवणारे बॉयफ्रेंड आहेत. उलट्या बाजूनेही होतं, पुरुषांवरही होतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या दर चारपैकी साधारण एका विवाहित बाईने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं. त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका राज्यात निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या. म्हणजे आपल्याकडे पुष्कळदा फोन हाच मुळात दुसऱ्याच्या मर्जीवर असतो.

त्यासाठी विकत घ्यायची ॲपही असतात. 'मुलांवर लक्ष ठेवा' असं म्हणून विकतात, आयकॉन लपवतात, मेसेज, कॉल, माइक सगळं पुढे पाठवतात. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने २०२३ चा अहवाल काढला. त्यात जगभरात ३१ हजारांहून जास्त फोनवर अशी ॲप सापडली आणि रशिया, ब्राझीलनंतर भारत तिसरा होता, सुमारे अडीच हजार फोन. हे फक्त त्यांचं अँटिव्हायरस असलेल्या फोनचं मोजमाप. आमच्या तालुक्यात अँटिव्हायरस विकत घेतलेला फोन मला अजून भेटायचाय.

आणि हे स्मार्टफोनपुरतं नाही. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना पकडलं होतं, आठवतंय का? कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, विकण्याचं प्रकरण. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा कुठल्या टॉवरखाली होता, हे सगळं त्यात असतं. ते फक्त तपास यंत्रणांना कायदेशीर मागता येतं. ते बाजारात विकलं जात होतं, आणि गिऱ्हाइकांत जोडीदारावर संशय असलेली मंडळीही असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. डहाणू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे आमच्या घरी ती बातमी 'आपल्याकडची' म्हणून चवीने वाचली गेली. दादापण होता तेव्हा. असो.

आता कामाचं. आधी सुरक्षित फोन आणि सुरक्षित माणूस. पाळत असलेला फोन आहे तसा चालू ठेवायचा, त्यावर रोजचंच वागायचं, गाणी ऐका, आईला फोन करा. मदतीचे फोन, नवीन ईमेल, वकील, पैसे, हे सगळं दुसऱ्या फोनवरून. गावात आशाताई असते, तिच्या घरी जाण्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. वहिनीचं पुढचं सगळं तिथूनच झालं. पाळतीचा फोन बरोबर नेऊ नका असंही मी आंधळेपणाने सांगणार नाही. रोज बरोबर असणारा फोन अचानक घरी राहिला, तर तेही समोरच्याला दिसतं. निघायचं कारण आधी ठरवा.

मग फक्त बघा, हात लावू नका. व्हॉट्सॲपमध्ये लिंक केलेली डिव्हाइस. मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर दाबून लोकेशन शेअरिंग. गुगल खात्यात 'सुरक्षा' मध्ये तुमची डिव्हाइस, आणि रिकव्हरी नंबर कोणाचा आहे. गुगल फोटोजमध्ये पार्टनर शेअरिंग. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन ॲप, तिथे 'सिस्टिम सर्व्हिस' वगैरे गुळमुळीत नावाचं काही चालू आहे का. प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं आहे का. जे दिसेल त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा, स्क्रीनशॉट नको, कारण तो त्याच फोनच्या गॅलरीत पडतो. आयफोन असेल तर आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' आहे, कोणाबरोबर काय शेअर होतंय ते एका जागी दिसतं. पर्समध्ये, स्कूटीच्या सीटखाली टाकायचे बिल्ले असतात ना, एअरटॅगसारखे, ते अनोळखी बिल्ला बरोबर फिरतोय असं ओळखून आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही सूचना देतात. गाडीला लावायच्या सिमवाल्या जीपीएस यंत्राची मात्र अशी सूचना येत नाही, ते हाताने चाचपूनच शोधावं लागतं.

आणि फॅक्टरी रीसेट करू नका, निदान तक्रार करायची असेल तर आधी नाही. आमच्यासारखे मदतीला धावणारे पोरगे पहिलं तेच करतात. पुरावा पुसला जातो.

आता सिम. हे वहिनीने मला मुद्दाम सांगायला सांगितलंय. सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. तो गॅलरीत जाऊन डुप्लिकेट सिम काढू शकतो. मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे, व्हॉट्सॲप त्याच्याकडे, बँक त्याच्याकडे. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात येतात तिच्या, पण मेसेज येतो त्या नंबरवर, आणि खात्याला जोडलेला नंबर असतो नवऱ्याचा. कधी आले, किती काढले, सगळं त्याला आधी कळतं. बाहेर पडल्यावर वहिनीने पहिलं काय केलं असेल, तर स्वतःच्या आधारवर स्वतःचं सिम घेतलं, मग बँकेत जाऊन नंबर बदलला, मग यूपीआय पिन. त्याच क्रमाने. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, तेही तेव्हाच बघून घ्या.

फोटोंची धमकी असेल, "व्हायरल करीन" वगैरे, तर स्टॉप एनसीआयआय नावाची सोय आहे. फोटो कुठेही अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा हॅश बनतो, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक आकडा, आणि फक्त तो आकडा फेसबुक, इन्स्टासारख्या कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कोणी टाकला तर त्यांना ओळखता येतो. मात्र हे सुरक्षित फोनवरूनच.

कायद्याचं थोडं, मी वकील नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. तेव्हा आयफोनही आला नव्हता. तरी त्याच्या १८ व्या कलमात न्यायालय 'इलेक्ट्रॉनिक' संपर्कालाही मनाई करू शकतं असं लिहिलंय. ज्याने मसुदा केला त्याला माझा सलाम. मानसिक आणि आर्थिक छळ दोन्ही त्यात येतात, आणि बहीण, आई, लग्नासारख्या नात्यात राहणारी जोडीदार, सगळ्यांना तो लागू आहे. भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा मानतं. त्यात नवऱ्याला वेगळं काढलेलं नाही. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या एका खटल्यात नवऱ्याने बायकोचं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले म्हणजे नातं आधीच मोडलंय, असा त्यांचा विचार. मला तो निकाल अजून पचलेला नाही. ज्याच्या हातात फोन, सिम आणि पासवर्ड, त्याच्याकडेच रेकॉर्डिंग असणार ना? पण निकाल आहे, माहीत असावा.

वहिनीचं कसं झालं? सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट कसं मोडलं ते कागदावर नीट लिहिलं, तो कागद पुढे सगळीकडे उपयोगी पडला. एके ठिकाणी तक्रार द्यायला गेलो तर साहेब म्हणाले, "फोन नवऱ्यानेच घेऊन दिला ना? मग बघितला तर काय बिघडलं?" वहिनीने मान खाली घातली, मीही घातली, कारण ते सेटिंग माझंच होतं. मग आशाताईने संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव सांगितलं. हे पद याच कायद्याखालचं आहे, तेच घटनेचा अहवाल भरून न्यायालयात अर्ज लावायला मदत करतात. वकील मोफत मिळाला. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांचा नंबर १५१००. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायकांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. हे नंबर सेव्ह करू नका, पाठ करा.

न्यायालयात काय केलं ते मी लिहून दिलं. तारखेसकट, कुठलं बटण दाबलं त्यासकट. घरात यावरून मोठं वादळ झालं. आई म्हणाली, "आपल्याच माणसाविरुद्ध?" मी म्हटलं, वहिनी पण आपलीच ना. दादा माझ्याशी बोलत नाही, लग्नकार्यात समोर आला की बाजूला होतो. त्याला अजूनही मनापासून वाटतं की त्याने फक्त काळजी घेतली.

आता माझ्याकडे कोणी बायकोचा, बहिणीचा फोन सेट करायला आणला, तर मी म्हणतो, तिला घेऊन ये. तिच्या हातात फोन देतो, पासवर्ड तिला टाकायला लावतो आणि तोंड फिरवून बसतो. दोघेजण तेव्हापासून परत आलेच नाहीत. ते शहरात कोणा दुसऱ्याकडे गेले असणार, दुकानात हे काम शंभर रुपयांत होतं.

हा एपिसोड वहिनीने आधी ऐकलाय, तिच्या स्वतःच्या फोनवर. काही खुणा आम्ही बदलल्यात आणि दोन मिनिटं तिने कापायला लावली. ती अजून उंबरगावलाच कामाला जाते, आता माहेरून. तिची ती मैत्रीण दुसऱ्या कंपनीत गेलीय, पण गाडी तीच पकडते. मी मागच्या महिन्यात स्टेशनवर तिला गाठून सांगितलं की चुगली कोणी केली होती. ती काही बोलली नाही, गाडी आली आणि चढली. वहिनी म्हणते, बघू.

चला, भेटू पुढच्या रविवारी.